दक्षिणेकडची भिंत

३ ऑगस्ट, रविवार

चर्चमधली सकाळची दुसरी मिस्सा संपली, लोक बाहेर पडले आणि आत काहीतरी कोसळल्याचा आवाज झाला. भाताचं पोतं माळ्यावरून खाली टाकावं तसा. मी आत धावले तर धुळीत काही दिसेना. धूळ बसल्यावर कळलं, छताच्या एका कमानीचा हातभर तुकडा बायकांच्या बाजूच्या तिसऱ्या बाकावर पडला होता. बाक मधोमध मोडलं. ती मम्मीची नेहमीची जागा. एरवी शेवटचं गाणं झाल्यावरही ती बराच वेळ गुडघ्यांवर असते. आज पप्पा बाहेर स्कूटरचा हॉर्न वाजवत राहिले म्हणून कुरकुरत उठली.

फादर ॲन्सेल्मनी दुपारीच चर्चला कुलूप लावलं. पुढच्या रविवारपासून मिस्सा शेजारच्या पॅरिश हॉलमध्ये. संध्याकाळी ते आमच्या घरी आले. मला वाटलं पप्पांकडे आलेत. आमच्या खारआळीत काही बांधायचं म्हटलं की माणसं गॉडफ्रे कॉन्ट्रॅक्टरचंच दार वाजवतात. पण फादर माझ्याकडे वळले. "स्टेफी, तू जुन्या इमारतींचंच काम करतेस ना? एकदा नीट बघशील? छत वाचेल की नाही, ते सांग."

मी हो म्हणून बसले. पण ज्ञानदाताईंच्या ऑफिसात मी मापं घेते, ड्रॉइंग काढते. वाचेल की नाही, हे त्या सांगतात. फादर गेल्यावर पप्पा कपातला चहा संपवत म्हणाले, "शंभरावर वर्सं झाली त्या चर्चला. जुनं ते जुनंच."

म्हणून ही वही सुरू केली. ड्रॉइंगवर माप लिहिता येतं, धाकधूक लिहिता येत नाही.

७ ऑगस्ट

पॅरिश कौन्सिलची सभा झाली. ॲल्रॉयने पडद्यावर नव्या चर्चचं चित्र दाखवलं. तो शाळेत माझ्या वर्गात होता, आता अंधेरीला नोकरी करतो आणि कौन्सिलमध्ये सगळ्यात तरुण आहे. चित्रात मधे खांब नव्हते, सगळीकडे एसी, बाहेर गाड्या लावायला जागा. लोक "वा" म्हणाले. खरं सांगायचं तर चित्र वाईट नव्हतं. फक्त ते आपल्या चर्चच्या जागेवर उभं होतं.

मी म्हटलं, आधी दुरुस्ती होते का बघू या. मागून कोणीतरी म्हणालं, "डोक्यात पडेपर्यंत बघत बसायचं काय?" सगळे हसले.

तेव्हा पप्पा उभे राहिले. "सप्टेंबर संपेपर्यंत तिचा रिपोर्ट येऊ द्या. त्याच्या आधी कोनी काय ठरवायचं नाय."

सभेने ते लगेच मान्य केलं. मी मात्र घरी येईपर्यंत त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. ऐन पावसाळ्यात एवढीशी मुदत! ज्ञानदाताई अशा कामाला सहा महिने मागून घेतात. नवं चर्च झालं तर ते काम पप्पांनाच मिळणार, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. घाई कोणाला आहे ते न कळण्याइतकी मी लहान नाही.

१० ऑगस्ट, रविवार

आज पहिल्यांदा रिकाम्या चर्चमध्ये तासन्‌तास एकटी होते. इथेच माझा बाप्तिस्मा झाला, इथेच कोअरमध्ये गायले, पण मान वर करून नीट पाहिलं ते आज.

वसईतली जुनी पोर्तुगीज चर्चं आठवली की गोल कमानी आणि जाड पांढऱ्या भिंती डोळ्यांपुढे येतात. आमचं संत अन्नाचं चर्च त्या घराण्यातलं नाही. याच्या कमानी वर जाऊन टोकाला मिळतात, दोन्ही तळहात जोडल्यासारख्या. खिडक्या उंच आणि अरुंद, वेदीमागे रंगीत काचांची गोल खिडकी. खांबांतून निघालेल्या फासळ्या छतावर जाऊन एकमेकींना भेटतात. भिंतींना बाहेरून दगडी टेकू. कॉलेजात याला निओ-गॉथिक म्हणायला शिकवलं. युरोपातली मध्ययुगातली शैली, एकोणिसाव्या शतकात पुन्हा डोकं वर काढलेली.

फादरांची बांबूची शिडी लावून छताच्या वर शिरले. खालून दगडी वाटणारं ते छत वरून लाकडाचं निघालं! सागवानी फासळ्या, त्यांवर ठोकलेल्या पट्ट्या, खालून चुन्याचा गिलावा. बॅटरीच्या उजेडात सगळं उपड्या होडीसारखं दिसत होतं. मी तिथेच बसून राहिले. उतरताना शिडीची एक पायरी करकरली आणि मी बांबू घट्ट धरला.

जेवताना पप्पांनी विचारलं, "वर कशी चढलीस?"

"फादरांची शिडी आहे ना."

"हं," म्हणाले आणि माशाचा काटा काढत राहिले.

१२ ऑगस्ट

संताप संताप झालाय. संध्याकाळी ऑफिसातून परस्पर चर्चला गेले तर आत पप्पांचा टेम्पो रिकामा झालेला! लोखंडी पाइप, फळ्या, क्लॅम्प, सगळी परांची. त्यांचा गवंडी श्रीपत आणि दोन माणसं ती वेदीपासून दारापर्यंत उभी करत होती. मी पप्पांना फोन लावला. म्हणाले, "गोडाऊनला पानी शिरतं. सामान गंजेल. थोडे दिवस तिथे राहू दे."

"मग उभं कशाला केलंय?"

"आडवं ठेवलं तर जागा जास्त खातं."

देवाच्या घराचं गोडाऊन केलं या माणसाने. फादर काही बोलत का नाहीत, कळत नाही. उलट हसत होते.

एक मात्र आहे, त्या फळ्यांवरून छताला हात पोचतो.

१७ ऑगस्ट, रविवार

ज्ञानदाताई विरारहून आल्या. त्यांनी सगळीकडे हात फिरवला, छताच्या वर जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "लाकूड उत्तम आहे. थोडं सडलंय तेवढं बदलता येईल. मग फासळी का सुटली?" उत्तर त्यांना माहीत असावं. पण त्यांनी ओळंबा माझ्या हातात दिला.

उत्तरेची भिंत सरळ. दक्षिणेची भिंत दोन्ही टोकांना सरळ आणि मधे, वरच्या अंगाला, चांगली चार बोटं बाहेर झुकलेली. म्हणजे छत म्हातारं होऊन पडलेलं नाही. छताच्या कैच्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या लाकडी त्रिकोणी चौकटी, भिंतींना बाहेर ढकलतात, ते त्यांचं कामच. बाहेरचे दगडी टेकू भिंतींना आवरून धरतात, ते त्यांचं काम. मधे कुठेतरी भिंत सरकली, तिच्यावरची कैची सरकली आणि फासळी सुटली.

"पण मधेच का सरकली?" मी विचारलं.

"तू शोध," ताई म्हणाल्या. "मला साडेचारची गाडी आहे."

आणखी एक. मी वर असले की श्रीपत खाली बाकावर बसून असतो. तंबाखू मळतो, पण हलत नाही. मी काय काय बघते ते पप्पांना सांगत असणार.

२० ऑगस्ट

सापडलं. आणि आता वाटतंय, सापडलं नसतं तर बरं.

उत्तरेला टेकू आहेत सहा. दक्षिणेला चार. मधले दोन नाहीतच! जन्मभर या चर्चला प्रदक्षिणा घातल्या, कधी मोजले नाहीत. दक्षिणेला पॅरिश हॉल चर्चला चिकटून आहे, त्यामुळे कोणाला दिसतही नाही. हॉलच्या स्टेजची मागची भिंत म्हणजे चर्चचीच भिंत. पडदा बाजूला करून आत शिरले. जुन्या रंगाखाली दगड छिन्नीने सपाट केल्याच्या उभ्या खुणा आहेत. दोन तोडलेल्या टेकूंच्या जागा आणि त्यांच्या मधोमध विटांनी बुजवलेलं एक टोकदार कमानीचं दार.

मम्मीला विचारलं. ती म्हणाली, "हॉल बांधला तेव्हा मी शाळेत होते. जागा कमी पडते म्हनून काय काय तोडलं होतं खरं. कोनाला काय त्याचं! सगळं गाव खूश होतं. त्याच्या आधी लग्नं मांडवात व्हायची, पावसात भिजून."

मग ती हॉलबद्दल बोलतच राहिली. सणाच्या नाटकात पप्पा शिपाई झाले होते. हातात भाला, सबंध नाटकात एक वाक्य, आणि तेही विसरले. ती पहिल्या रांगेत बसून इतकी हसली की पप्पांनी स्टेजवरूनच तिच्याकडे रागाने पाहिलं. "तिथून सुरू झालं," मम्मी म्हणाली.

भिंत वाचवायची तर ते दोन टेकू परत बांधावे लागतील. टेकू बांधायचे तर स्टेज पाडावं लागेल. गावाची निम्मी लग्नं ज्या स्टेजवर लागली ते. हे सभेत उठून मी सांगायचं?

२४ ऑगस्ट, रविवार

भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. भिंत हलली तर काच तडकते, म्हणजे आपल्याला कळतं. हॉलमधल्या मिस्साला आलेले लोक हे बघून म्हणत होते, "स्टेफी भिंतीला बँडेड लावते."

ॲल्रॉयशी बोलणं झालं, तेही भांडण होता होता. मी म्हटलं, तुला एसीसाठी चर्च पाडायचंय. तो म्हणाला, "माझी आई गेली तीन वर्षं व्हीलचेअरवर आहे. पायऱ्या चढवता येत नाहीत. पावसात छत्री धरून बाहेरून मिस्सा ऐकते. तू कधी बघितलं नाहीस?"

हिल्डा आंटींना, त्याच्या आईला, मी दर रविवारी हात करते. हात करून पायऱ्या चढून आत जाते.

३० ऑगस्ट

दोन दिवस पाऊस थांबलेला नाही. आज संध्याकाळी पाहिलं, मधल्या भेगेवरची काच तडकली आहे. भिंत अजून सरकतेय.

ज्ञानदाताई फोनवर म्हणाल्या, "ताबडतोब भिंतीला आधाराचे जॅक लाव. बाहेरून, तिरके." विरारच्या कॉन्ट्रॅक्टरला फोन केला. त्याची माणसं गणपतीला कोकणात गेलीत, दहा दिवस तरी येत नाहीत. आणखी दोघांना केला, तेच उत्तर. पप्पांना विचारणार नाही. विचारलं तर म्हणतील, बघ, मी म्हटलं होतं.

माझा चेहरा बघून मम्मीने काय झालं विचारलं. तिला सांगितलं. पप्पा पलीकडे टीव्ही बघत होते.

३१ ऑगस्ट, रविवार

सकाळी हॉलवर गेले आणि दारातच थांबले. स्टेजच्या मागच्या अर्ध्या फळ्या उचकटून बाजूला रचलेल्या, जमिनीत लाकडी ठोकळे गाडलेले आणि तिथून लोखंडी जॅक तिरके जाऊन भिंतीला भिडलेले. पप्पा, श्रीपत आणि दोन माणसं, सगळे चिखलाने माखलेले. उजाडायच्या आधीपासून लागले असावेत. जॅक लागलेत नेमके त्या दोन तासलेल्या खुणांवर. पप्पांना त्या खुणांबद्दल मी सांगितलं नव्हतं. योगायोग म्हणायचा.

मिस्सा अंगणात ताडपत्रीखाली झाली. ॲल्रॉयने जॅकचे फोटो काढून ग्रुपवर टाकले: "आपलं चर्च आता कुबड्यांवर." खाली बघता बघता हात जोडलेले इमोजी. दुपारपर्यंत चार जणांनी मला विचारलं, आता रिपोर्टची काय गरज?

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जेवणाच्या टेबलावरच पप्पांना म्हटलं, "लोकांना दाखवायचं होतं ना तुम्हाला? चर्च धोकादायक आहे म्हणून?"

"भिंत पडली असती तर?"

"तुम्हाला तेच हवंय."

पप्पांनी हात धुतला आणि मागच्या पडवीत जाऊन बसले. ताटात भात तसाच होता.

मम्मी म्हणाली, "बोललीस ते बोललीस. आता जेव." थोड्या वेळाने म्हणाली, "तुझा बाप रोज पहाटे कुठे जातो, विचार कधी."

"वॉकला जातात. डॉक्टरने सांगितलंय."

मम्मीने नुसतं कपाळाला हात लावला.

१४ सप्टेंबर, रविवार

पप्पा आणि मी घरात पाहुण्यांसारखे वागतोय.

आज फादर ॲन्सेल्मकडे बसले होते. चर्चचा इतिहास रिपोर्टमध्ये हवा. ते म्हणाले, लिहून ठेवलेलं फारसं नाही, म्हातारी माणसं सांगायची ते सांगतो. आधी इथे कौलारू लहानसं देऊळ होतं, आमच्यात चर्चलाही देऊळच म्हणायचे. ते पुरेना, तेव्हा नवं काढलं. दगड खाडीपलीकडच्या हिंदू शेतकऱ्यांनी आपल्या बैलगाड्यांतून आणून दिला. सागवान पाचूबंदरच्या मच्छीमारांनी होड्यांतून आणलं आणि छतही तिथल्याच होड्या बांधणाऱ्यांनी जोडलं.

"आणि टोकदार कमानीच का, फादर? वसईत कोणी बांधत नव्हतं."

ते हसले. "मुंबईत तेव्हा जिकडे तिकडे तसंच उठत होतं. स्टेशनं, कोर्टं, कॉलेजं. लोक भाजी घेऊन जायचे, तोंड वर करून बघायचे. म्हणाले, आपल्यालाही तसलंच पाहिजे. अगं, ती त्या काळची फॅशन होती. म्हाताऱ्यांनी तेव्हाही डोक्याला हात लावला असेल."

हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. ॲल्रॉयचे पणजोबा ॲल्रॉयसारखेच होते तर.

घरी आल्यावर बुजवलेल्या दाराचं ड्रॉइंग पुन्हा काढलं. दक्षिणेची जमीन उंच आहे. ते दार उघडलं तर आत यायला एकही पायरी लागत नाही.

२७ सप्टेंबर

उद्या सभा. रिपोर्ट तयार आहे. ज्ञानदाताईंनी वाचला आणि म्हणाल्या, सही तू कर. मी म्हटलं, ताई, तुमची असू द्या, लोक ऐकतील. त्या म्हणाल्या, "काम कुणाचं आहे?"

सही केली. अक्षर दुसऱ्याच कुणाचं तरी वाटतंय.

२८ सप्टेंबर, रविवार

उशीर झालाय, पण लिहून ठेवते.

सभा अंगणात झाली, हॉलमध्ये जागाच उरली नव्हती. मी उभी राहिले आणि पहिली दोन वाक्यं कोणाला ऐकूच गेली नाहीत. मग सरळ सांगितलं. चर्च म्हातारं झालेलं नाही. त्याचे दोन टेकू आपण काढून घेतले आणि तरी ते इतकी वर्षं उभं राहिलं. ते परत दिले तर आणखी शंभर वर्षं उभं राहील. टेकूंच्या मधलं जुनं दार उघडू, तिथून व्हीलचेअर थेट वेदीपर्यंत जाईल. गर्दीसाठी हॉलची तीच बाजू मोकळी ठेवू. पण त्यासाठी स्टेज पाडावं लागेल.

एकच गलका झाला. "माझ्या तिन्ही पोरींची लग्नं त्या स्टेजवर झाली!" "नाटकं कुठे करायची?" "एवढं करून भिंत पडली तर?"

ॲल्रॉय उठला. आवाज चढवला नाही त्याने. "दार चांगलं आहे, स्टेफी. पण माझी आई त्या भिंतीजवळून जाणार. ती भिंत उभी राहील याची खात्री कोण देणार?"

मला सगळे आकडे पाठ होते. पण त्याने आकडे विचारले नव्हते.

मग पप्पा उठले. खुर्चीच्या पाठीला धरून बोलत होते. "जॅक लावून महिना होत आला. तिने काचा लावल्यात, त्या मी रोज पहाटे जाऊन बघतो. जॅक लावल्यापासून एक काच तडकली नाय. म्हनजे ती म्हनते ते बरोबर आहे. भिंतीला टेकू पाहिजे, दुसरं काय नको." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "टेकू मी बांधतो, ती सांगेल तसे. नवं चर्च पाहिजे तर खुशाल बांधा. पन त्याला दुसरा कॉन्ट्रॅक्टर बघा. मी ते पाडनार नाय."

आणि बसले. मग मम्मी बोलली, बायकांच्या घोळक्यातून. "स्टेजचं मला काय सांगता? ह्यांचं एक वाक्य होतं, तेपन विसरले त्या स्टेजवर." आधी बायका हसल्या, मग सगळेच.

हात वर झाले तेव्हा ॲल्रॉयचाही वर होता.

पप्पांना अचानक काय झालं, कळत नाही. फादरांनी आधीच त्यांना समजावलं असणार.

१९ ऑक्टोबर, रविवार

बिशप हाऊसची परवानगी आली. उद्या दिवाळी, श्रीपतची माणसं सुट्टीवर, म्हणून आज गावानेच उरलेलं स्टेज काढलं. काढायच्या आधी पोरांना तिथे चढून एकदा नाच करायचा होता, तो झाला. ज्यांची लग्नं तिथे लागली त्यांनी जोडीने फोटो काढले. पप्पा चढायला तयार नव्हते. मम्मीने हाताला धरून ओढलं. फोटोत ते शिपायासारखेच ताठ उभे आहेत.

५ नोव्हेंबर

खणताना जुन्या टेकूंचे पाये जसेच्या तसे सापडले! वरचा भाग तोडला होता, खालचा कोणी काढलाच नाही. काळे घडीव दगड, चुन्यात घट्ट बसलेले. पप्पा खड्ड्यात उतरले, हाताने माती साफ करत राहिले. मग वर बघून म्हणाले, "बाय, हे बघ. असलं काम आता करायला सांगितलं तर मला जमायचं नाय."

त्या भांडणानंतर नऊ आठवड्यांनी मला पुन्हा 'बाय' म्हणाले.

२२ नोव्हेंबर

रोज भांडण. पप्पांना सिमेंट पाहिजे, मला चुना. "सिमेंट असतं तर एव्हाना काम संपलं असतं." मी सांगते, सिमेंट जुन्या भिंतीला जखडून टाकतं, ओल आत कोंडते आणि दगड खराब होतात. चुना भिंतीबरोबर श्वास घेतो. "भिंत श्वास घेते?" ते श्रीपतला विचारतात. श्रीपत म्हणतो, "शेठ, मला मधे घालू नका."

तरीही काल दोन दगडांमध्ये सांधा जाड झाला तेव्हा पप्पांनीच तो काढायला लावला. मी बोलायच्या आधी.

१० डिसेंबर

पाचूबंदरहून दोघे सुतार आलेत, सडलेल्या फासळ्या बदलायला. ते वर काम करतात, मी माप देते. आज फळीवरून माझा पाय सरकला, पण खालच्या थरावर जाळी होती, काही झालं नाही. श्रीपत खालून ओरडत आला. त्याचा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा.

"ताई, सांभाळा की. शेठ मला जिवंत ठेवायचे नाहीत."

"त्यांच्या परांचीला काही झालं नाही, सांग त्यांना."

तो बघतच राहिला. "परांची? अहो, ती भाड्याने आणलीय, विरारवरून. आपल्याकडे कुठली एवढी! तुम्ही फादरांच्या शिडीवर चढलात, त्यानंतर दोनच दिवसांत आणली शेठनी. मला म्हणाले, ती वर असेल तोवर तू खालून हलायचं नाही. माझी शेतावरची कामं राहिली त्या पायी."

मी खाली उतरून बाकावर बसले. तो पाणी घेऊन आला. त्याला वाटलं, पडल्याची भीती वाटतेय.

संध्याकाळी घरी पप्पा टीव्ही बघत होते. त्यांच्याशेजारी जाऊन बसले. बातम्या संपेपर्यंत बसले. त्यांनी रिमोट माझ्याकडे सरकवला.

२५ डिसेंबर

नाताळ. मिस्सा अंगणातच झाली. दोन्ही टेकू छपरापर्यंत पोचलेत, पण चुना अजून कच्चा आहे, जॅक काढायचे नाहीत. पोरांनी जॅकवर चांदण्या टांगल्या. ॲल्रॉयने फोटो टाकला, या वेळी खाली काहीच लिहिलं नाही.

३१ जानेवारी

आज जॅक काढले. ज्ञानदाताई आल्या होत्या, पण लांब उभ्या राहिल्या. एकेक जॅक थोडाथोडा सैल करायचा, थांबायचं, भेगांकडे बघायचं, मग पुढचा. चावी पप्पांच्या हातात, खूण मी करायची. "सोडा," मी म्हणत होते. पप्पा एकदाही माझ्या खुणेआधी हलले नाहीत.

शेवटचा जॅक सुटला तेव्हा वर कैचीत कुठेतरी लाकूड करकरलं. सगळ्यांनी वर पाहिलं. मग तेही थांबलं. ओळंबा पुन्हा सोडला. भिंत होती तिथेच. ती चार बोटं परत आत येणार नाही, पण पुढेही जाणार नाही.

पप्पा टेकूला पाठ लावून बसले. "धरलंय," म्हणाले.

८ फेब्रुवारी, रविवार

चर्च उघडलं. सकाळच्या उन्हात गोल खिडकीतले रंग थेट नव्या फासळीवर पडत होते. नवी फासळी अजून जुन्यांपेक्षा उजळ दिसते. होईल जुनी. दक्षिणेच्या दारातून पहिल्या आल्या हिल्डा आंटी. ॲल्रॉय खुर्ची ढकलत होता. आंटींनी दारात खुर्ची थांबवायला लावली, हात लांब करून टेकूचा दगड चाचपला आणि मग आत गेल्या. गाणं सुरू झालं आणि मला गाताच आलं नाही. मम्मीने रुमाल दिला, मग स्वतःसाठी परत मागून घेतला.

१० फेब्रुवारी

सकाळी नाश्त्याला बसलो होतो, तेव्हा पप्पांचा फोन वाजला. गास गावचा कोणी माणूस होता. त्याची जुनी भाताची गिरणी आहे, ती पाडून गाळे काढायचेत. पप्पांचा आवाज मोठा, सगळं ऐकू येत होतं.

"पाडायला काय, दोन दिवसांचं काम... नाय नाय, लगेच नाय. आधी आमची आर्किटेक्ट बघून जाईल. ... हो, ती सांगेल तसं. पाडायचं म्हनली तर पाडू. ... आता असंच असतं आमच्याकडे."

फोन ठेवला आणि पावाला लोणी लावत मला म्हणाले, "शनवारी सकाळी वेळ आहे काय तुला?"

"आहे."

"भिंती दगडी आहेत. छप्पर पत्र्याचं. मला तर वाटतं पाडावीच लागेल."

"बघू," मी म्हटलं.

"बघू," पप्पा म्हणाले आणि लोण्याची वाटी माझ्याकडे सरकवली.